आठ घड्यांची फॉइल

मे महिन्यात दुपारी चारच्या सुमारास आमच्या हॉलच्या पश्चिमेकडच्या भिंतीला हात लावला की तो लगेच काढून घ्यावासा वाटतो. मी काढत नाही. मनातल्या मनात आकडे मोजतो. जुनी सवय आहे. कंप्युटर दुरुस्त करायचो तेव्हा तापमान मोजायचं यंत्र वगैरे आमच्याकडे कुठलं? हीटसिंकवर, म्हणजे चिपच्या डोक्यावर बसवलेल्या त्या अॅल्युमिनियमच्या पन्हाळीदार ठोकळ्यावर, बोट ठेवायचं आणि मोजायचं. दहापर्यंत टिकलं तर ठीक. पाचला उचलावं लागलं तर पंखा साफ करायचा. दोनलाच चटका बसला तर आधी बटण बंद. बोटाचं टोक इतकं निबर झालं होतं की तव्यावरची चपाती उलटायची असली की माझी बायको मेधा मला हाक मारायची.

या वर्षी भिंत सातपर्यंत मोजू देते. त्या वर्षी चार.

त्या वर्षी म्हणजे दोन हजार सहा किंवा सात. भाईंदर पूर्वेला, नवघर रोडच्या एका गल्लीत माझा दहा बाय बाराचा गाळा होता. बाहेर इमारतींची बांधकामं, त्यांची सिमेंटची धूळ. पलीकडून मिठागरांवरून येणारं खारं, चिकट वारं. ही दोन्ही मशीनच्या आत जाऊन बसायची. कॅबिनेट उघडलं की पंख्याच्या पात्यांवर करडी साय धरलेली असायची आणि स्क्रू हिरवट पडलेले. त्यात दिवसातून काही तास लाइट जायची. ती येईपर्यंत पंखे थांबलेले, माणसं थांबलेली, आणि आली की सगळ्या गल्लीतून एकदम "आऽऽली" असा आवाज. मला तो आवाज अजून ऐकू येतो. त्यात एक प्रकारचा सण होता.

ग्राफिक्स कार्डाचा उन्हाळा वेगळा. कंप्युटरच्या पोटात आणखी एक छोटा कंप्युटर असावा तसं ते कार्ड. चित्रं, व्हिडिओ, खेळ, सगळा भार त्याच्यावर. त्याच्या मधोमध मोठी चिप, आजूबाजूला मेमरीच्या छोट्या चिपा. मोठ्या चिपेवर पांढरी पेस्ट लावून हीटसिंक बसवतात. छोट्या चिपा जरा खाली असतात, त्यांच्यात आणि हीटसिंकमध्ये फट राहते. ती भरायला रबरासारखा मऊ पॅड लागतो. दोन पृष्ठभाग डोळ्यांना कितीही गुळगुळीत दिसले तरी एकमेकांना पूर्ण टेकत नाहीत. मध्ये हवा राहते, आणि हवा उष्णता पुढे जाऊ देत नाही. पेस्टचं काम एवढंच, की ती हवा हटवायची. जास्त थापली तर उलट तीच आड येते. हे मला कुणी शिकवलं नाही, बिघडवून बिघडवून कळलं.

पेस्टची ट्यूब आणायची तर थेट मुंबईत, लॅमिंग्टन रोडला. एका ट्यूबसाठी अख्खा दिवस घालवायचा? मग घरातल्या वस्तू पुढे सरसावल्या. टूथपेस्ट पहिल्या दिवशी झकास चालते. मशीन तापलं की खोलीभर पुदिन्याचा वास. आठव्या दिवशी तिचा खडू होतो. व्हॅसलिन पातळ होऊन ओघळतं. फ्रिजवाल्याकडून तांब्याच्या नळीचा तुकडा आणून, ठोकून, काचेवर पॉलिश पेपर ठेवून घासला तर उत्तम पत्रा होतो, पण हाताची सालं निघतात. सगळ्यांत भरवशाचं निघालं ते लहान मुलांच्या पुरळावर लावतात ते जस्ताचं मलम. मी ते इतक्या वेळा न्यायचो की कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्या गुजराती शेठनं एकदा काळजीनं विचारलं, "फिर से रॅश? बेबी कितना बडा हुआ?"

"शेठ, बेबी तीसरी में है। ये कंप्यूटर को लगाता हूँ।"

त्यानं माझ्याकडे बघितलं, मग ट्यूबकडे. "तो कंप्यूटर को डायपर भी बाँधो ना!"

दुकानात आलेल्या प्रत्येकाला मी ही गोष्ट सांगायचो. अभिमान होता मला. हातात नसलेल्या वस्तूवाचून काम अडू न देणं ही आमच्या धंद्यातली इज्जत. एवढ्याशा पॅडसाठी "मुंबईहून आणावं लागेल, चार दिवस थांबा" असं म्हणणाऱ्याला आम्ही कारकून म्हणायचो.

विलास माझा मित्र. लग्नाचं शूटिंग करायचा आणि नवघरच्या जुन्या घरात, पुढच्या खोलीत, मिक्सिंग करायचा. वरमाला घालताना चहूबाजूंनी गुलाबी बदाम उडताहेत, नवरा-नवरीचा फोटो पुस्तकाच्या पानासारखा उलटतोय, सप्तपदीच्या मागे काश्मीरचे डोंगर, असलं सगळं. लोकांना ते हवंच असायचं. त्यासाठी त्यानं चांगलं कार्ड घेतलं होतं. एप्रिल-मे म्हणजे त्याचा हंगाम. रोज एक लग्न, कधी दोन. टेपा मोजून सहा. आज शूट केलेली टेप आणायची, कंप्युटरमध्ये उतरवून घ्यायची, आणि उद्याच्या लग्नाला तीच टेप परत कॅमेऱ्यात घालायची. सगळेच तसं करायचे. म्हणजे एकदा टेपेवर दुसरं लग्न चढलं की पहिलं लग्न जगात एकाच ठिकाणी असायचं, कंप्युटरच्या हार्ड डिस्कवर.

त्या मेमध्ये मुर्धा गावच्या धर्मा नाखवांच्या मुलीचं लग्न झालं. मुहूर्त खरं तर पुढच्या वर्षीचा होता, तो अलीकडे ओढला. नाखवांच्या गळ्यात गाठ होती. ऑपरेशन ठरलेलं, आणि त्यात आवाजाची पेटीच काढणार होते. विलास मला म्हणाला, "त्यांच्या बायकोनं निरोप दिलाय, नवरी कमी दिसली तरी चालंल, बापाला घे. म्हणून सगळं घेतलंय यार. गाताना, जेवताना, आचाऱ्याला शिव्या देताना. हळदीला तर असला गायलाय म्हातारा!" नाखवा तेव्हा म्हातारे नव्हते. पंचावन्नचे असतील. आज मी जवळपास तेवढाच आहे.

लग्नानंतर चार दिवसांनी विलासचं मशीन हँग व्हायला लागलं. बदाम उडायला लागले की स्क्रीनवर चौकटी चौकटी, मग रंगीत पट्टे, मग काहीच नाही. तो कॅबिनेट स्कूटरवर पुढे ठेवून माझ्याकडे घेऊन आला. "आजच्या आज कर रे शेखर, पाच लग्नं अडकलीत."

कार्ड काढलं. पेस्ट चुन्यासारखी सुकलेली. हीटसिंक उचलला तर मेमरीवरचे पॅड फाटून अर्धे इकडे, अर्धे तिकडे. माझ्याकडे पॅड नव्हते. मोठ्या चिपेवर मलम लावलं. छोट्या चिपांच्या फटीत घालायला काही सापडेना. माझा डबा समोर होता. मेधा चपात्या फॉइलमध्ये गुंडाळून द्यायची. मी फॉइल पुसली, आठ घड्या घातल्या, कात्रीनं चार तुकडे केले, दोन्ही बाजूंना मलम लावलं आणि बसवले. अगदी मापात बसले.

फॉइल जशी उष्णता नेते तशी वीजही नेते. हे मला माहीत होतं. इथे 'लक्षात आलं नाही' असं लिहायचा मोह होतो, पण तसं नव्हतं. पॅडची सगळी किंमत यातच असते, की तो उष्णता जाऊ देतो आणि वीज अडवतो. मी स्वतःला म्हटलं, दोन दिवसांत टाउनला, लॅमिंग्टन रोडला जाऊन पॅड आणतो आणि बदलतो.

आम्ही दुरुस्तीवाले कॅबिनेट नेहमी आडवं पाडून काम करतो. आडवं केलं की कार्ड उभं राहतं, हाताला सोपं. दोन तास मी ते तसंच आडवं चालवून पाहिलं, डिस्कवर समोर जे होतं तेच लावून. बोट ठेवलं. नऊपर्यंत मोजता आलं. विलास खूश. "काय बसवलंस?"

"पॅड," मी म्हणालो. "इम्पोर्टेड."

त्याच्या घरी ते कॅबिनेट उभं राहिलं. उभ्या कॅबिनेटमध्ये कार्ड आडवं असतं आणि त्याचं तोंड जमिनीकडे. मलम उन्हाळ्यात मऊ पडतं. एवढं साधं आहे सगळं.

दोन दिवसांचे चार झाले. बाहेर ऊन असं, की स्टेशनपर्यंत जायचं नाव नको. मग मेधाच्या मावसबहिणीचं लग्न निघालं. रोज संध्याकाळी वाटायचं, उद्या नक्की. आंब्याच्या पेट्या आल्या, मुलीची सुट्टी होती, दुपारी पत्ते व्हायचे. इतकी निवांत सुट्टी आमच्या घरात पुन्हा आली नाही, असं मेधा अजून म्हणते. मी मान हलवतो.

नवव्या दिवशी दुपारी विलासचा फोन. "बंद पडलं रे. लाइट आली, मी चालू केलं, आणि दहा मिनिटांत वास. जळल्याचा."

मी गेलो. खोलीत तो वास होताच, प्लास्टिक आणि काहीतरी गोडसर. विलास म्हणाला, "थांब, तुला पाणी आणतो," आणि आत गेला. मी कॅबिनेटचं झाकण काढलं. चारांतला एक तुकडा कार्डवरून सटकून खाली मदरबोर्डच्या पिनांत अडकला होता. कडा काळ्या झालेल्या. वीज पुरवणारा सप्लाय जळलेला आणि हार्ड डिस्क फिरत नव्हती. आतून माठात पेला बुडवल्याचा आवाज आला. मी तो तुकडा उचलला, मग कार्ड काढून बाकीचे तीनही ओढून काढले, आणि खिशात घातले. शर्टाच्या वरच्या खिशात. ते अजून गरम होते.

विलास पाणी घेऊन आला. मी पाणी प्यालो आणि विचारलं, "स्टॅबिलायझर कुठाय तुझा?"

त्याचा चेहरा उतरला. "आईच्या फ्रिजला लावलाय. दूध नासत होतं."

"मग काय," मी म्हणालो. "लाइट आली तेव्हा झटका बसला असणार."

एवढंच बोललो. लोक म्हणतात, मी कमी बोलतो. त्या दिवशी मी जे थोडं बोललो तेही जास्त होतं.

ती डिस्क आम्ही दोघं घेऊन मुंबईत गेलो. तिथल्या माणसानं तशाच दुसऱ्या डिस्कची सर्किटची पाटी काढून लावून पाहिली. डिस्क फिरली, पण आतून टकटक. तो म्हणाला, वाचणारा भागच गेलाय, सोडून द्या. चार लग्नांचं काही ना काही टेपांवर शिल्लक निघालं. मुर्ध्याच्या लग्नाचं काही निघालं नाही. त्या टेपांवर तोवर तीन-तीन लग्नं चढली होती.

जूनच्या शेवटी नाखवा आले. गळ्याला पांढरी पट्टी, सोबत मुलगी कल्पना, नवी नवरी, हातात हिरवा चुडा. मी तिथेच होतो, नव्या मशीनच्या वायरी जोडत. त्यांनी विलासकडे बघून कानाला हात लावला, मग हसले. म्हणजे, कॅसेट ऐकायला आलोय. विलासनं हात जोडले. त्याला बोलताच येईना, म्हणून मी बोललो. "काका, लाइटीचा झटका बसला. मशीनच जळालं. कुणाच्या हातात नव्हतं." माझा आवाज अगदी साफ होता. ज्याचा आवाज गेलाय त्याच्यासमोर उभं राहून इतक्या स्वच्छ आवाजात खोटं बोलता येतं, हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

नाखवांनी थोडा वेळ बंद स्क्रीनकडे बघितलं. मग विलासच्या पाठीवर थोपटलं. त्याच्या पाठीवर, माझ्या नाही. मला ते बरं वाटलं होतं, हेही लिहून टाकतो.

विलासनं पुढचा हंगाम यायच्या आतच मिक्सिंग सोडलं. फ्लेक्स छापणाऱ्याकडे नोकरीला लागला. पण नाखवांच्या घरातलं प्रत्येक कार्य, कल्पनाच्या मुलांची बारशी, नव्या होडीची पूजा, त्यानं हौसेनं कॅमेरा घेऊन केलं आणि कधी काही घेतलं नाही. मी मात्र भाईंदरच्या बाजारात नाखवा दिसले की मासे न घेता परत फिरायचो. मेधा म्हणायची, "अहो, पापलेट?" मी म्हणायचो, "शिळं होतं." असे किती तरी उन्हाळे गेले. मी गाळा विकला, एका ऑफिसात सिस्टिम बघायची नोकरी धरली. मिठागरांच्या कडेनं टॉवर आले. नाखवा गेले, तेव्हा मी तापाचं निमित्त केलं.

गेल्या महिन्यात ऑफिससाठी पॅड मागवले. आता ते घरपोच येतात, पाकिटात, वर पातळ प्लास्टिक. एक पॅड मी बोटांत धरून बसलो. निळसर, मऊ, पोळीच्या कणकेसारखा. टाउनला जायचा एक दिवस. तेवढा एकच दिवस मी वाचवला होता.

त्या रविवारी विलासला फोन केला आणि सगळं सांगितलं. फॉइल, आठ घड्या, खिसा. मागे त्याच्या घरात कुकरची शिट्टी झाली.

"स्टॅबिलायझर फ्रिजला लावला म्हणून मी आईवर ओरडलो होतो," तो म्हणाला. "तुला माहितीय? त्यानंतर ती फ्रिज उघडताना आधी माझ्याकडे बघायची. जाईपर्यंत."

मी म्हणालो, "विलास..."

"माझ्याकडे येऊ नकोस आत्ता. मुर्ध्याला जा. त्यांना सांग. मी नाही सांगणार."

मी गेलो. रिक्षा मुर्ध्याच्या फाट्यावर सोडली आणि चालत गेलो. अंगणात नाखवांची बायको, हिराबाय, सुपात जवळा पाखडत होती. कल्पना आईकडे आलेली होती. तिनं मला लगेच ओळखलं नाही. मी नाव सांगितलं, विलासचा मित्र म्हटलं, तेव्हा खुर्ची आणून दिली. मी खुर्चीवर बसलो नाही. उभ्यानंच सांगितलं. घरून शब्द ठरवून आणले होते, ते काही कामाला आले नाहीत. लाइटीमुळे नाही, विलासमुळे नाही, माझ्यामुळे, आणि मी लपवलं. कल्पनाचा चेहरा हळूहळू कडक होत गेला.

"विलासदादानं आमच्या दारात किती वेळा माफी मागितलीय, माहितीय तुम्हाला?" ती म्हणाली. "आणि तुम्ही आत्ता येताय? बाबा गेल्यावर?"

"हो," मी म्हणालो.

हिराबाय सूप हलवायची थांबली होती. तिला सगळं ऐकू आलं की नाही, मला कळेना. मग तिनं विचारलं, "तू बगितलेलीस ती कॅसेट?"

"बघितली होती. मशीन नीट चालतंय का बघायला दोन तास लावून ठेवली होती. हळदीची."

"म्हंजे तू आयकलास त्याला."

"ऐकलं."

"गानं सोड. गानं सगला गाव गातंय. मधी काय बोलला?"

मी आठवायला लागलो. खरं तर आठवायची गरज नव्हती. त्या दोन तासांत ते मी कितीदा ऐकलं असेल, आणि त्यानंतर कॅसेट नसतानाही. गाण्याच्या मध्येच नाखवांचा घसा अडकतो. ते ढोलकीवाल्याला हातानं थांबवतात, मांडवाच्या कोपऱ्याकडे बघतात, हसतात, आणि म्हणतात...

"पानी दे गो," मी म्हणालो.

हिराबायनं डोळे मिटले. "परत बोल."

"पानी दे गो."

"असा न्हाय." तिनं सूप खाली ठेवलं. "त्यो घाईत न्हाय बोलायचा. 'गो' लांब."

कल्पना आत निघाली होती. ती दारातच थांबली.

"पानी दे गोऽ."

"जरा खालून. त्याचा जाड व्हता."

मी आवाज खाली नेला. माझा तो नव्हता, त्यांचा तर नव्हताच. अंगणाच्या कडेला दोरीवर बोंबील वाळत होते, समोरून एक बाई हंडा घेऊन चालली होती, ती आमच्याकडे बघत राहिली. मला लाज वाटली नाही. मी परत म्हटलं, आणि परत. प्रत्येक वेळी ती नाही अशी मान हलवायची, कधी हातानं 'थांब' करून मला सुरुवातीपासून घ्यायला लावायची. पाचव्यांदा की सहाव्यांदा, कोण जाणे, तिची मान हलली नाही.

मग म्हणाली, "हां."

आणि उठून पाणी आणायला आत गेली.